एकशे अडतीस नंबर

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भागात एखादी गोष्ट चार फार्मांवरून फिरून परत आली की तिचा चेहरा ओळखू येत नाही. माझ्या सासूला आंधळी आणि मला शहाणी ठरवणारे लोक आता बरेच झाले आहेत. त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

आमच्या बुरिंगा फार्मवर तीन हजार गुरं आहेत, माणसं सात, आणि सगळ्यात जवळचा डॉक्टर विमानाने तास-सव्वा तासावर. म्हणून इकडच्या प्रत्येक फार्मवर असते तशी आमच्याकडेही औषधांची एक कुलूपबंद पेटी आहे. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर असतो. दुखलंखुपलं की आपण फोन करायचा, डॉक्टर विचारपूस करणार आणि म्हणणार, अमुक नंबरच्या दोन गोळ्या द्या. मग आपण खोक्यावरचं नाव आणि मुदत वाचून दाखवायची, डॉक्टर ‘बरोबर’ म्हणणार, मगच गोळी तोंडात जाणार.

ही पेटी चौतीस वर्षं माझ्या सासूकडे आहे. एनिड तिचं नाव. सगळे नंबर तिला पाठ. जेवताना माझा नवरा ड्यूगल शिंकला तरी ही बटाटे वाढता वाढता म्हणणार, “बासष्ट नंबर लागेल तुला.”

मी ब्रिस्बेनच्या एका कंपनीसाठी घरी बसून प्रोग्राम लिहिते. एनिडच्या मते हे काम नव्हेच. “दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसते आणि संध्याकाळी म्हणते दमले,” असं ती आल्यागेल्याला सांगते. तर महिन्याभरापूर्वी ती स्वतःहून माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “तुझ्या त्या यंत्रातून पेटीसाठी चिठ्ठ्या निघतील का? खोक्यांवरचे छापील नंबर इतके बारीक, की मुंग्या लाजतील. आकडा मोठा काढ. नाव बारीक असलं तरी चालेल.”

वीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं होतं. मी हुरळले, आणि हुरळलेलं माणूस तपासत नाही.

पेटीची यादी माझ्या लॅपटॉपवर होतीच, डब्यात डबा अशी रचलेली. पेटीत चार खण, खणात नंबर, आणि प्रत्येक नंबराखाली नाव, शिल्लक, मुदत असं सगळं. मला त्यातून फक्त नावं उचलून, खणांच्या भिंती काढून, एकच लांब यादी करायची होती. अर्थात प्रत्येक नाव आपापल्या नंबरासकट. रविवारी दुपारी प्रोग्रामच्या एका ओळीत काम उरकलं. पहिला खण ताडून पाहिला, चोवीसच्या चोवीस जुळले. मग चिठ्ठ्या छापल्या, नावं बघून त्या त्या खोक्यावर चिकटवल्या. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. पण मी खणही धुतले, आणि खोकी नव्याने, सुबक, आकाराप्रमाणे लावून ठेवली. एनिडने पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “बरी दिसते.” तिच्या तोंडून ‘बरी’ म्हणजे पदकच.

बुधवारी सकाळी पाण्याच्या पंपाचा एक भाग आणायला मी विल्गा क्रॉसिंगला निघाले. दोनशे दहा किलोमीटर. ड्यूगल अंथरुणात होता. तारेचं कुंपण ओढताना त्याची पोटरी फाटली होती, आणि रात्रीतून जखम लाल होऊन ताप चढला होता. बाकीची माणसं गुरं घेऊन लांबच्या विहिरीवर.

“मी थांबते,” मी म्हटलं.

“कशाला, माझ्याकडे बघत बसायला?” ड्यूगल म्हणाला. “पंप बंद राहिला तर गुरं मरतील. मी नाही मरत.”

“अकराला डॉक्टरला फोन लावते मी,” एनिड म्हणाली. “जा तू. आणि येताना मर्व्हच्या बेकरीतून पाव आण, गेल्या वेळेसारखा शिळा नको.”

पंपाचा भाग यायला तासभर होता. मी मर्व्हच्या बेकरीत बसले, मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली भाजलेली कचोरीच, मागवला आणि लॅपटॉप उघडला. कंपनीतल्या होआंगचा निरोप आलेला होता. सोमवारी मी कंपनीच्या एका कामातही तीच ओळ वापरली होती. होआंगने लिहिलं होतं, “बाईसाहेब, ग्राहकांचे नंबर कुठे सांडले? तुझ्या यादीत सगळे एकपासून नव्याने मोजलेत. खण फोडताना जुने नंबर जपायला सांगायचं राहिलं वाटतं.”

मी हसले. नवख्याने करावी अशी चूक. दुरुस्त करायला बोट ठेवलं, आणि बोट तिथेच राहिलं.

तीच ओळ. रविवारची.

पेटीची यादी उघडली. पहिला खण एक ते चोवीस, सलग, म्हणून तो जुळला होता. पण पुढच्या खणांत नंबर सलग नाहीत. एखादं औषध बंद झालं की त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत, जागा रिकामी ठेवतात. पंचवीस नाही, एकतीस नाही, चाळीस ते चव्वेचाळीस नाहीत. माझ्या ओळीने त्या सगळ्या रिकाम्या जागा मिटवल्या होत्या आणि मागच्या औषधांना पुढे सरकवून नवे नंबर वाटले होते. पहिला खण सोडला तर पेटीत एकही नंबर खरा नव्हता.

घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं.

ड्यूगलला पेनिसिलिन चालत नाही. साधं पुरळ उठण्यातलं नव्हे. अकराव्या वर्षी एका गोळीने त्याचा गळा सुजून बंद झाला होता, आणि एनिडने त्याला मांडीवर घेऊन विमानाची वाट पाहिली होती. आणि आमच्या पेटीत त्या जातीच्या गोळ्या आहेत, कारण बाकीच्या सहा जणांना त्या लागतात.

घरी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. म्हणजे एनिड डॉक्टरशी बोलत होती, म्हणजे नंबर सांगितला जात होता, अगदी या क्षणी. ड्यूगलचा मोबाईल गेल्या आठवड्यात गुरांच्या हौदात पडला होता. घरात दुसरा फोन नाही.

“मीट पाय गार होतोय तुझा,” मर्व्ह गल्ल्यावरून ओरडला.

“तुझा फोन दे,” मी म्हटलं.

“तुझ्या हातात आहे की एक.”

“मर्व्ह, फोन दे!”

त्याने गपचूप दिला. माझा चेहराच तसा झाला असणार.

विमानाने येणाऱ्या डॉक्टरांच्या कचेरीत एक मुलगी बोलली, गोड आणि सावकाश. “बुरिंगा का? हो, डॉक्टर हॅलोरन त्यांच्याशीच बोलताहेत.”

“मध्ये शिरा. त्यांना थांबवा.”

“पेशंटशी बोलणं चालू असताना आम्ही मध्ये—”

“मी पेशंटची बायको आहे! पेटीवरचे नंबर चुकलेत. सगळे. शिरा मध्ये!”

तिने मला संगीत लावून दिलं. सनईसारखं काहीतरी वाजत होतं. मी बेकरीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होते. एका हाताने घरचा नंबर पुन्हा पुन्हा दाबत होते आणि मनातल्या मनात एनिडला सांगत होते, वाच, बाई, नाव वाच, फक्त खोक्यावरचं नाव वाच.

डॉक्टर हॅलोरन आल्या. “नेरिडा? आत्ताच आमचं बोलणं संपलं. काळजी करू नका. पेनिसिलिन चालत नाही हे ठाऊक आहे मला. एकशे अडतीस दिलंय, डॉक्सीसायक्लीन. तुमच्या सासूबाईंनी नाव वाचून दाखवलं, मुदत पुढच्या मार्चची. सगळं बरोबर आहे.”

जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत बसले. नाव बरोबर वाचलं, म्हणजे खोकं बरोबर. म्हणजे एनिडने माझ्या चिठ्ठीला भीक न घालता खोकं शोधलं. धन्य ती बाई.

आणि मग समोरच्या यादीकडे लक्ष गेलं. माझ्या चिठ्ठ्यांप्रमाणे एकशे अडतीस नंबर एकशे चौऱ्याहत्तरच्या औषधावर चिकटलेला होता. ॲमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनचंच सख्खं भावंड. डॉक्सीसायक्लीनच्या खोक्यावर माझी चिठ्ठी होती एकशे नऊची. एनिडने खोकं नंबराने शोधलं असेल तर नाव ॲमॉक्सिसिलिन वाचायला हवं होतं. नावाने शोधलं असेल तर नंबर जुळत नाही म्हणून तिने तिथल्या तिथे मला शिव्या घातल्या असत्या, डॉक्टर फोनवर असतानाच.

ती वाचतच नव्हती. एकशे अडतीस म्हणजे डॉक्सीसायक्लीन हे तिला चौतीस वर्षं पाठ होतं. हातात भलतंच खोकं धरून तिने पाठ म्हणून दाखवलं होतं.

आकडा मोठा काढ. नाव बारीक असलं तरी चालेल. महिनाभर ती ड्यूगलकडून पत्रं वाचून घेत होती, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा रोज तिच्या कपाळावर असायचा, आणि आम्ही दोघं हसायचो. इतकी कशी मी ठार आंधळी!

“डॉक्टर, फोन ठेवू नका,” मी म्हटलं. दुसऱ्या कानाला माझा मोबाईल होता. घरची रिंग वाजत होती. आता एंगेज नव्हता, नुसता वाजत होता. फोन दिवाणखान्यात, ड्यूगल मागच्या खोलीत. बारा वेळा वाजला. बंद पडला. पुन्हा लावला.

“काय आहे?” एनिड वैतागून म्हणाली. “सरळ चालता येत नाही मला, धावत यायचं का?”

“गोळ्या दिल्यास?”

“दिल्या की. आत्ताच. पाणी पितोय.”

“खोकं हातात घे. नाव वाच.”

“डॉक्सी—”

“पाठ म्हणू नकोस, एनिड! वाच. पहिलं अक्षर कोणतं?”

फोनवर घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आमच्या दिवाणखान्यातल्या.

“नेरिडा,” ती म्हणाली, “मला दिसत नाही.”

हे तिने इतक्या लहान आवाजात सांगितलं की वीस वर्षांतली माझी सगळी भांडणं त्या क्षणी फुकट गेली. पण थांबायला वेळ नव्हता.

“गोळीचा रंग?”

“लाल. नाही, अर्धी लाल, अर्धी पिवळी. आकडा मोठ्ठा आहे, एकशे अडतीस, तो दिसतो मला. का गं? एकशे अडतीसच सांगितलं त्यांनी.”

“नंबर माझे चुकलेत. ते पेनिसिलिनच्या जातीचं आहे.”

ती ओरडली नाही, रडली नाही. फोन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला आणि तिची काठी खटखटत आत गेली. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी तिकडे कुणाला तरी ओरडून विमान काढायला लावलं.

एनिड परतली. “उलटी काढायला लावू?”

“नको,” डॉक्टर म्हणाल्या. “तिला विचारा, श्वास कसा आहे?”

“खोकतोय,” एनिड म्हणाली. “मानेवर हात फिरवला, गांधी उठल्यात. ओठ जाड लागतात. नेरिडा, तसंच होतंय. तेव्हासारखंच होतंय.”

“एकशे बावन्न,” डॉक्टर म्हणाल्या. “ॲड्रेनलिनचं टोचायचं पेन. तिथे दोन आहेत, दोन्ही आणायला सांगा.”

माझ्या एका कानात खरे नंबर होते आणि दुसऱ्या कानात माझे खोटे. मधे मी. जुनी यादी आणि चुकलेली यादी शेजारी शेजारी लावली. एक फोन मी खांद्याने दाबून धरला, मर्व्हने लॅपटॉप धरला. एकशे बावन्नसमोर बोट नेलं. चुकलं. पुन्हा नेलं.

“एनिड, पेटीत एकशे एकोणीस शोध. डॉक्टर एकशे बावन्न सांगताहेत, तरी तू एकोणीस शोध. एकशे एकोणीस.”

“कुठल्या खणात?”

मलाच आठवेना. रविवारी मीच सुबक लावले होते ना! “तिसरा. नाहीतर चौथा. आकडे बघत जा.”

ती आकडे म्हणत गेली, मोठ्याने. शहाण्णव. एकशे तीन. एकशे सतरा. मी तिच्यामागून आकडे पुटपुटत होते. मर्व्हही. “एकोणीस! लांब नळीसारखं आहे. दोन आहेत.”

“मुदत वाचायला सांगा,” डॉक्टर सवयीने म्हणाल्या, आणि लगेच, “राहू द्या. मांडीत टोचायला सांगा, बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून. दहापर्यंत मोजून काढायचं.”

मी सांगितलं. “जमेल?”

“हजारो वासरांना टोचलंय मी,” एनिड म्हणाली. “हे तर माझंच आहे.” आणि पुन्हा फोन आपटला.

पुढची सहा मिनिटं मला सांगता येत नाहीत. ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. टोचलं होतं. ड्यूगल श्वास घेत होता, पण शिट्टीसारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी पाच मिनिटांनी दुसरं पेन टोचायला लावलं. शिट्टी कमी झाली. “शिव्या देतोय,” एनिड म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, “देऊ द्या. शिव्या द्यायला हवा लागते.”

विमान निघाल्याचं कळलं तेव्हा तोवर आलेला पंपाचा भाग उचलून मी गाडीत बसले. मर्व्ह पाव घेऊन मागे धावला, खिडकीतून सीटवर टाकला, पैसे नको म्हणाला.

दोनशे दहा किलोमीटर, आणि रस्त्यात मोबाईलला कुठेच रेंज नाही. पहिले शंभर किलोमीटर मी स्वतःशी भांडत होते. शेवटचा नंबर का नाही ताडला? एक मिनिट लागलं असतं. कंपनीतल्या पोरांना मी हेच शिकवते, पहिली ओळ बघून खूश होऊ नका, शेवटची बघा. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान. पुढे एका वळणावर कांगारू आडवा आला, वाचला, आणि मी रस्त्यातच गाडी थांबवून मोठमोठ्याने रडले. मग पुन्हा निघाले.

घर चाळीस किलोमीटरवर असताना विमान दिसलं. आमच्या बाजूने येत होतं, इस्पितळाकडे निघालेलं. मी काचेतून मान वाकडी करून पाहत राहिले. जिवंत माणसालाच विमानाने नेतात, मी स्वतःला बजावलं. मेलेल्यासाठी इतकी घाई कोणी करत नाही. हे दर दोन मिनिटांनी बजावत घरी पोचले.

एनिड स्वयंपाकघरात होती. पेटी उघडी, खोकी सगळ्या टेबलावर, आणि ती नखांनी माझ्या चिठ्ठ्या खरवडून काढत होती. मी आल्याचं तिला पावलांवरून कळलं.

“नेताना शुद्धीवर होता,” ती आधीच म्हणाली. “बोलत होता. विमानातून आलेली नर्स म्हणाली, वेळेवर टोचलंत.”

मी भिंतीला टेकले. 

“ऐक,” ती म्हणाली, चिठ्ठी खरवडत. “मी नर्सला सांगितलंय, मला दिसत नाही, चुकीचं खोकं उचललं मी. तेवढंच. तुझं नाव घेतलेलं नाही. तूही घेऊ नकोस.”

“एनिड—”

“म्हातारी बाई आंधळी झाली यात कोणाला काही वाटत नाही. तुला त्याच्याबरोबर अजून तीस वर्षं काढायची आहेत. मला किती? उगाच भाव खाऊ नकोस, गप्प बस.”

खरं सांगते, क्षणभर मला ते हवंसं वाटलं. इतकं सोपं होतं. ती स्वतःहून देत होती, आणि तिला खरंच दिसत नव्हतं. मी एक शब्दही खोटा न बोलता नुसती गप्प राहिले असते तरी भागलं असतं.

मी टेबलाशी बसले आणि दुसऱ्या बाजूने चिठ्ठ्या काढायला लागले. पावाची पिशवी तशीच दाराशी पडली होती.

पाच वाजता फोन वाजला. आम्ही दोघी एकदमच उठलो. तिला धक्का देऊन मी आधी पोचले, तिने मागून माझा दंड पकडला.

“धोका टळलाय,” डॉक्टर हॅलोरन म्हणाल्या. “दोन दिवस ठेवून घेऊ. पायालाही आता बरोबर औषध चालू आहे.”

मी मान हलवली. फोनवर मान हलवून काय उपयोग? मागे एनिड माझा दंड पिळत होती. “काय म्हणते? काय म्हणते ती?”

“बरा आहे,” मी म्हटलं. पकड सुटली.

“नेरिडा, मला नोंद करायची आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “नर्सच्या कागदावर लिहिलंय, देणाऱ्या व्यक्तीने दृष्टिदोषामुळे चुकीचं खोकं उचललं. पण सकाळी तुम्ही मला नंबरांबद्दल वेगळं सांगत होतात. कोणतं लिहू?”

एनिडला ऐकू येत होतं. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. तिने जोरजोरात मान हलवली, नको, नको.

“तिने बरोबर खोकं उचललं,” मी म्हटलं. “तुम्ही एकशे अडतीस म्हणालात, तिने एकशे अडतीसच उचललं. तो नंबर मी चुकीच्या खोक्यावर लावला होता. सगळी पेटीच मी चुकीची लावली. माझं नाव लिहा. स्पेलिंग सांगू?”

एनिडने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

“आणि मी न वाचता वाचलं म्हणून सांगितलं,” ती फोनमध्ये ओरडली, डॉक्टर बहिऱ्या असल्यासारखं. “मार्चही ठोकून दिला. तेही लिहा. एकटीचं नाव लिहाल तर बघा!”

पलीकडे डॉक्टर हसल्या असाव्यात, किंवा नुसता श्वास सोडला असावा. मग म्हणाल्या, “ड्यूगल शेजारीच आहे. घशामुळे बोलू नको म्हटलंय, पण ऐकत नाही. सारखा विचारतोय, ती गोळी मला कोणी दिली? काय सांगू त्याला?”

एनिडने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं, थोडं डावीकडे, माझ्या खांद्यावरून पलीकडे. महिनाभर ती अशीच बघत असणार.

“सांगा त्याला,” ती म्हणाली, “आम्ही दोघींनी मिळून दिली.”